अनध्याय

आमच्या घराण्यांत विद्येची परंपरा मोठी, असें आम्ही आजवर अभिमानानें सांगत आलों. वडिलांनीं संथा म्हटली, आम्हीं स्वतः तीस वर्षांवर मुलांना संस्कृत शिकविलें, आणि आमचा पुतण्या संगणकाच्या विद्येंत नांव काढून पुण्यास मोठ्या पगारावर लागला. परंतु दोन वर्षांपूर्वीं आषाढांत एक प्रसंग असा घडला कीं, ज्या गोष्टीचा आम्हांस अभिमान वाटत होता तिच्याकडे पुन्हा एकवार निरखून पाहणें भाग पडलें. तो प्रसंग आणि त्या निमित्तानें सुचलेले कांहीं विचार वाचकांपुढें ठेवीत आहों. घरची गोष्ट चारचौघांत मांडावी कीं नाहीं, याचा विचार आम्हीं पुष्कळ केला, पण पुतण्याच म्हणाला, "लिहा काका, दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून लेखणी उचलली.

पुतण्याचें वय त्या वेळीं अडतीस. पुण्याजवळ हिंजवडीस एका सॉफ्टवेअर कंपनींत चाळीस-पन्नास माणसांच्या कामावर तो प्रमुख होता. गिऱ्हाइकें अमेरिकेंतलीं. तिकडे सकाळ होते तेव्हां आपल्याकडे सायंकाळ झालेली असते; त्यामुळें दिवसभर येथल्या माणसांचें काम पाहावें आणि रात्रीं जेवण आटोपतांच तिकडच्या लोकांशीं मीटिंगला बसावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला होता. गणपतीला गांवीं आला तरी आरती चालू असतां मोबाईल कानाला लावून तो अंगणांत फेऱ्या घाली. आम्ही शेजाऱ्यांना कौतुकानें सांगत असूं, "एवढा उद्योगी मुलगा पंचक्रोशींत नाहीं!"

त्या आषाढांत एका सोमवारीं सकाळीं तो बिछान्यावर उठून बसला आणि बसूनच राहिला. ताप नाहीं, कोठें दुखत नाहीं. सूनबाईनें कपडे पुढें आणून ठेवले. पण हात उचलेना. "मला लॅपटॉप उघडवत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. डॉक्टरांनीं रक्त तपासलें, हृदय तपासलें. तेथें कांहीं सांपडलें नाहीं. पुढें मनोविकारतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं तासभर शांतपणें ऐकून घेतलें आणि सांगितलें, "ह्यांना कामानें पार शोषून घेतलें आहे. यालाच हल्लीं बर्नआउट म्हणतात." तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून तो आमच्याकडे गांवीं राहावयास आला. सूनबाईची नोकरी आणि नातीची शाळा पुण्यास. त्या दोघी शनिवार-रविवार येऊं लागल्या.

हा शब्द प्रथम कानीं पडला तेव्हां तो आम्हांस नव्या पिढीचा एक चोचला वाटला, हें कबूल केलें पाहिजे. आमच्या वेळीं काय कामें नव्हतीं? पण मुलाची मुद्रा पाहून तसें बोलवेना, म्हणून वाचावयास घेतलें. न्यूयॉर्क शहरांत हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नांवाचे मानसशास्त्रज्ञ गोरगरिबांसाठीं चालविलेल्या एका मोफत दवाखान्यांत काम करीत. मोठ्या उमेदीनें सेवेस आलेलीं माणसें कांहीं महिन्यांत निस्तेज, चिडखोर व उदास होतात, हें त्यांनीं पाहिलें. स्वतःवरही तीच पाळी आलेली अनुभविली. आणि १९७४ सालीं त्यावर लेख लिहून हा शब्द शास्त्रांत आणला. पुढें क्रिस्टिना मास्लाक या विदुषींनीं ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली १९८१ सालीं प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तिचीं तीन लक्षणें नमूद केलीं: अंगांतील त्राण सरणें, आपल्याच कामाविषयीं मनांत दुरावा व कडवटपणा येणें, आणि आपल्या हातून कांहीं नीट होत नाहीं असें वाटूं लागणें. हा रोग म्हणून त्यांनीं गणलेला नाहीं. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरला न गेल्यानें उद्भवणारी अवस्था, असें त्यांनीं म्हटलें आहे.

यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, जो मुळांत पेटलाच नाहीं तो जळून जाणार कसा? फ्रॉइडेनबर्गर यांनीं पाहिलेलीं माणसें कामचुकार नव्हतीं; तीं हौसेनें झटणारीं होतीं. कामाचे तास हा तर नुसत्या मनाचा प्रश्न नाहीं. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनीं मिळून २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, आठवड्यास ५५ वा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानानें, पक्षाघाताचा धोका सुमारें ३५ टक्के आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटून मृत्यु येण्याचा धोका सुमारें १७ टक्के अधिक असल्याचें आढळलें. आम्हीं कागद घेऊन पुतण्याचे तास मांडले. बेरीज सत्तराच्या घरांत गेली. तो कागद आम्हीं त्याला दाखविला नाहीं.

आतां आमच्या पहिल्या चुकीकडे वळतों. मुलगा घरीं आला. पहिले आठ दिवस तो नुसता झोपला. नवव्या दिवशीं आमच्यांतला मास्तर जागा झाला. आम्हीं त्याच्या विश्रांतीचें वेळापत्रक आखलें! पहांटे पांचला उठणें, प्राणायाम अर्धा तास, नदीपर्यंत फिरणें, न्याहरीनंतर वाचन, दुपारीं बागकाम, सायंकाळीं ध्यान. त्यानें तें भिंतीवर चिकटविलें आणि आज्ञाधारकपणें पाळावयास सुरुवात केली. रोज रात्रीं तो त्यावर खुणा करी; एखादी राहून गेली कीं चेहरा उतरे. चार दिवसांत झोप पुन्हा उडाली. पांचव्या दिवशीं सकाळीं आमच्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या मातोश्रींनीं, तो कागद भिंतीवरून काढला, चार घड्या घातल्या आणि आमच्या हातांत दिला. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "दुखण्यांतसुद्धां मुलाची परीक्षा घेणार आहांत का?"

आम्हांस राग आला. मग लाज वाटली. राग आणि लाज दोन्ही टाळण्याचा आमचा नेहमींचा मार्ग म्हणजे पुस्तकांचें कपाट. तेथें गेलों आणि चरकसंहिता काढली. निदानस्थानांत शोष नांवाच्या व्याधीचीं चार कारणें सांगितलीं आहेत. त्यांतलें पहिलें कारण म्हणजे 'साहस'. आज मराठींत साहस म्हटलें कीं शाबासकी देतों. मुलांच्या पुस्तकांत साहसकथा छापतों. चरकाच्या परिभाषेंत मात्र साहस म्हणजे आपल्या बळाबाहेरचें कर्म. दुबळ्यानें बलवंताशीं झोंबणें, न पेलणारें धनुष्य ओढणें, अति बोलणें, अति ओझें वाहणें, पाण्यांत फार दूरवर पोहणें, लांबचा मार्ग वेगानें तोडणें, अशीं उदाहरणें तेथें दिलीं आहेत. ज्याला आम्ही अंगणांत उभे राहून उद्योग म्हणत होतों, त्याचें नांव त्या वैद्यानें दोन हजार वर्षांच्या सुमारास व्याधीच्या कारणांत घालून ठेवलें होतें.

दुसरें कारण 'संधारण', म्हणजे शरीराचे स्वाभाविक वेग दाबून धरणें. हे वेग सूत्रस्थानांत तेरा सांगितले आहेत. भूक, तहान, शिंक, जांभई यांबरोबर त्यांत झोप आहे, अश्रु आहेत, आणि श्रमानंतर लागणारी धापही आहे. माणूस हे वेग केव्हां दाबतो, हेंही चरकानें सांगितलें आहे: राजासमोर, धन्यासमोर, गुरूच्या पायाशीं, चारचौघांच्या सभेंत, भयानें किंवा संकोचानें. 'गुरूच्या पायाशीं' या ठिकाणीं आम्ही बराच वेळ थांबलों. चरकाचा शोष आणि आजचा बर्नआउट हे एकच, असें आमचें म्हणणें नाहीं. शोष हा देहाचा क्षय आहे. पण थकलेल्या माणसाला धाप टाकूं द्यावी आणि रडूं आलें तर रडूं द्यावें, एवढें त्यांतून घेण्यास वैद्य असावें लागत नाहीं.

वेळापत्रक फाडून टाकलें. मुलाला कोणीं कांहीं सांगावयाचें नाहीं, असें ठरलें. श्रावण लागला होता. एका दुपारीं वहिनी मोड आलेले वाल घेऊन ओसरीवर डाळिंब्या सोलीत बसल्या होत्या. हें काम कसें, तें वाचकभगिनींना सांगावयास नको. घाई केली कीं दाणा मोडतो. आणि कितीही सोलल्या तरी पातेलें लौकर भरत नाहीं. पुतण्या आपण होऊन जवळ बसला. प्रथम तो झपाट्यानें सोलूं लागला, जणूं कोणी घड्याळ घेऊन उभें आहे. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. अर्ध्या तासानें त्याचे हात सावकाश झाले. मग सोलतां सोलतां तो रडूं लागला. आम्ही झोपाळ्यावर होतों. उठून जाणार, तों त्यानें हांक मारली. "काका, सुट्टींत माणसानें काय करायचें असतें, तेंच मला येत नाहीं हो. मला तें कधीं शिकवलेंच नाहीं कोणीं."

हें कोणीं शिकवावयाचें होतें, तें आम्हांस पुरतें ठाऊक होतें. तो दहावींत असतां त्याचें वेळापत्रक आम्हींच आखलें होतें. दिवाळींत सारें घर फराळाला बसलें असतां त्याला माडीवर गणितें घालून दिलीं होतीं. मे महिन्यांत आजोळीं पाठविला नाहीं. त्या वेळीं वहिनींनीं विचारलें होतें, तेव्हां आम्हीं उत्तर दिलें होतें कीं, अभ्यासाची संवय मोडेल. तो बोर्डांत झळकला. आम्हीं पेढे वांटले.

याच सुमारास आम्ही जॉन स्टुअर्ट मिल्ल यांचें आत्मचरित्र पुन्हा वाचावयास घेतलें. आगरकरांच्या पिढीनें ज्यांच्या ग्रंथांवर आपली बुद्धि घांसून घेतली, त्यांपैकीं हे एक. १८०६ सालीं जन्मलेल्या या मुलाला बापानें तिसऱ्या वर्षीं ग्रीक आणि आठव्या वर्षीं लॅटिन सुरू केलें. बाप म्हणजे हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारे जेम्स मिल्ल. या घरांत मुलाला सुट्टी नसे. आणि सुट्टी कां नसे, तर कामाची संवय मोडून आळसाची गोडी लागूं नये म्हणून, असें मुलानेंच पुढें लिहून ठेवलें आहे. वाचून आम्ही पुस्तक मिटलें. इंग्लंडांतला तो बाप आणि आमच्या माडीवरचा काका यांनीं शब्दसुद्धां जवळजवळ तेच वापरले होते.

मुलगा सतराव्या वर्षीं, १८२३ सालीं, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरींत लागला. कचेरी सांभाळून त्यानें बेंथम यांच्या पुराव्याविषयींच्या प्रचंड हस्तलिखितांतून पांच खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, वादसभा चालविल्या, लेख लिहिले. आणि १८२६ च्या शरद् ऋतूंत, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्याच्या मनानें एकाएकीं मान टाकली. ज्या सुधारणांसाठीं आपण झटतों त्या सर्व या क्षणीं सिद्धीस गेल्या, तर आपणांस आनंद होईल काय, असा प्रश्न त्यानें स्वतःस विचारला, आणि आंतून उत्तर आलें कीं, नाहीं. तो हिंवाळा त्यानें केवळ संवयीच्या बळावर, यंत्रासारखें काम करीत काढला. कोणास सांगण्याची सोय नव्हती. बापास तर नाहींच.

त्याची सुटका कशानें झाली? नव्या संकल्पानें नाहीं, अधिक नियमानें नाहीं. मार्मोंतेल नांवाच्या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतांना, बाप वारल्यावर लहानग्या मुलानें घरच्यांना धीर दिल्याचा प्रसंग आला, आणि मिल्ल यांच्या डोळ्यांत अश्रु उभे राहिले. त्या क्षणापासून ओझें हलकें होऊं लागलें, असें ते सांगतात. ज्या वेगाला विसाव्या वर्षापर्यंत वाट नव्हती, त्याला वाट मिळाली. पुढें १८२८ सालीं वर्ड्स्वर्थ यांच्या कवितांनीं त्यांना आधार दिला. मन मधून मधून पुन्हा खालावे. बरें होणें हें सरळ रेषेंत झालें नाहीं. तरीही ते कंपनीच्या चाकरींत १८५८ पर्यंत राहिले, 'स्वातंत्र्य' हा जगप्रसिद्ध ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध केला, आणि पायीं लांबवर हिंडून रानांतलीं झाडेंपालें गोळा करण्याचा छंद अखेरपर्यंत जपला. विश्रांतीनें त्यांचें कार्य बुडालें नाहीं.

त्याच पिढीचे दुसरे आराध्य हर्बर्ट स्पेन्सर. त्यांची प्रकृति १८५५ सालीं मानसशास्त्रावरील ग्रंथ लिहितांना ढांसळली, आणि पुढें आयुष्यभर त्यांना दिवसाचे थोडेच तास काम करतां आलें. हेच स्पेन्सर १८८२ सालीं अमेरिकेस गेले तेव्हां न्यूयॉर्कच्या निरोपाच्या भोजनांत त्यांनीं यजमानांना सांगितलें कीं, कामाचा उपदेश पुष्कळ झाला, आतां विसाव्याचा उपदेश करण्याची वेळ आली आहे. आमच्या पूर्वजांनीं या दोघांचे विचार उचलले; त्यांचें दुखणें मात्र कोणीं वाचलें नाहीं. निदान आम्हीं तरी वाचलें नाहीं.

ओसरीवरच्या त्या दिवसानंतर पुतण्या थोडें थोडें बोलूं लागला. एके रात्रीं त्यानें विचारलें, "काका, तुम्ही लहानपणीं शास्त्रीबोवांकडे जात होतां. तिथें तरी सुट्टी असायची का?"

आम्ही उत्तर देऊं लागलों आणि बोलतां बोलतां चमकलों. कारण त्या जुन्या, कडक समजल्या जाणाऱ्या विद्येंत सुट्टी होती, आणि तिचें शास्त्र होतें. तिला अनध्याय म्हणत. दोन्ही पक्षांतल्या प्रतिपदा, अष्टमी व चतुर्दशी, शिवाय पौर्णिमा आणि अमावास्या. म्हणजे महिन्याच्या तीस तिथींपैकीं आठ तिथींना पाठ बंद. याखेरीज प्रसंगानें येणारे अनध्याय वेगळे. याज्ञवल्क्यस्मृतींत ते सदतीस मोजले आहेत. मेघ गर्जले, वीज चमकली, धुळीचें वादळ उठलें, कोल्हा ओरडला, तर अनध्याय. शिष्ट पाहुणा घरीं आला, तर अनध्याय. मनुष्य धांवत असेल, तर त्या वेळींही अनध्याय! धांवतां धांवतां विद्या होत नाहीं, हें त्या स्मृतिकारास कळलें होतें. आम्हांस आणि हिंजवडीच्या कंपनीस कळलें नव्हतें. वाल्मीकींनीं तर सुंदरकांडांत अशोकवनांतल्या सीतेच्या कृशतेला उपमा दिली आहे ती प्रतिपदेलाही पाठ चालू ठेवणाऱ्याच्या विद्येची. न थांबणाऱ्याची विद्या वाढत नाहीं, रोडावते, ही गोष्ट त्या काळीं इतकी सर्वांना ठाऊक असली पाहिजे कीं, उपमान म्हणून ती सहज वापरतां आली.

अनध्यायाचें मर्म आम्हांस त्या रात्रीं प्रथमच उमगलें. अष्टमीला शास्त्रीबोवा असें कधीं विचारीत नसत कीं, तुझा अध्याय संपला का? संपला तर सुट्टी घे. अध्याय अर्धा असो, कीं ऐन रंगांत आलेला असो, अष्टमी आली कीं पोथी बांधावयाची. म्हणजे काम संपलें म्हणून विसांवा नव्हे. तिथि आली म्हणून विसांवा. आजच्या कामाची गंमत अशी कीं, तें कधीं संपतच नाहीं. एका पत्राचें उत्तर दिलें कीं दुसरें येतें. येथें रात्र झाली कीं दुसऱ्या देशांत दिवस उजाडतो. काम संपल्यावर विसांवूं, असें म्हणणाऱ्याला विसांवा मिळावयाचाच नाहीं. शिवाय अनध्याय ही परवानगी नव्हती, तो निषेध होता. परवानगी घ्यावयास माणूस लाजतो. निषेध पाळावयास लाजण्याचें कारण नाहीं.

पुतण्यानें हें सारें ऐकलें आणि पुष्कळ दिवसांनीं हंसला. "म्हणजे लॅपटॉपलाही अष्टमी हवी," तो म्हणाला. कंपनीला तिथि समजत नाहीं, म्हणून त्यानें आपल्यापुरता नियम असा बांधला: रोज रात्रीं आठ वाजतां लॅपटॉप कपाटांत जावा, काम कोठेंही आलेलें असो, आणि रविवारीं कपाट उघडूं नये. तिथि बदलली, नियम तोच राहिला.

आम्ही या शोधावर खूष होऊन जेवतांना वहिनींना सर्व विस्तारानें सांगत होतों. त्या वाढीत होत्या. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षें झालीं या घरांत येऊन, भाऊजी. माझी अष्टमी कोणती, तें जरा पंचांगांत पाहून सांगा."

पंक्तींत कोणास उत्तर सुचलें नाहीं. वेद म्हणणाऱ्याला महिन्याचे आठ दिवस मोकळे. त्याला भात रांधून घालणारीला एकही नाहीं. उलट आमचे सण, व्रतें आणि पाहुणे म्हणजे इतरांची सुट्टी आणि तिचें दुप्पट काम. आपल्या घराघरांतून अशा किती बायका आतून थकून गेल्या असतील! त्यांच्या थकव्याला आपण स्वभाव म्हटलें, 'हल्लीं फार चिडचिड करते' म्हटलें. वर सांगितलेलीं तीन लक्षणें वाचकांनीं एकदां स्वयंपाकघराच्या दाराशीं उभें राहून पुन्हा आठवून पाहावीं. वहिनींना थकलेला मुलगा आमच्याआधीं ओळखतां आला, याचें कारणही कदाचित् हेंच असावें.

सुट्टी ही मागितल्याशिवाय मिळत नाहीं, हाही आपल्याच प्रांताचा इतिहास आहे. आज आपण रविवार गृहीत धरतों. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांना एकत्र आणून आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास विसांवा मागितला. रविवार हा खंडोबाचा वार, हेंही त्यांच्या मागणींत होतें. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कारखान्यांच्या कायद्यांतही साप्ताहिक सुट्टीची तरतूद झाली. तेव्हां संथ जीवन हा सुखवस्तूंचा छंद आहे, असें जें म्हणतात, तें पुरतें खरें नाहीं. पोटासाठीं राबणाऱ्यांनींच आपल्याला आठवड्याचा अनध्याय मिळवून दिला आहे.

आमच्या घरीं आतां दोन्ही अष्टम्यांना स्वयंपाकघर पुरुषांकडे असतें. पहिल्या अष्टमीला पिठल्याला गुठळ्या झाल्या आणि भात करपला. सर्वांनीं मुकाट्यानें खाल्ला. धुणींभांडीं करावयास येणाऱ्या बाईंनाही ते दोन दिवस पगार न कापतां मोकळे दिले आहेत. ही सूचना वहिनींचीच. आमच्या ध्यानांत तेवढ्यावरही तें आलें नव्हतें.

पुतण्याची पुढची हकीकत सांगितली पाहिजे, नाहीं तर वाचकांस हें सर्व फार सोपें वाटेल. रजा संपल्यावर त्यानें कंपनीकडे रात्रीच्या मीटिंगा नसलेलें काम मागितलें. तें मिळालें, पण पद खालचें आणि पगार जवळजवळ एक-तृतीयांशानें कमी. त्यासाठीं घरांतल्या सर्वांनीं बसून हिशोब मांडला. दुसरी मोटार विकली, मोठ्या घराचा बेत पुढें ढकलला, कर्जाचे हप्ते तेवढे कायम ठेवले. पाठीशीं घर होतें म्हणून हें जमलें. एकट्या माणसाला तें किती अवघड जाईल याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच एकत्र कुटुंबाचें ज्यांना भाग्य आहे, त्यांनीं आपल्या माणसाला "एवढ्या पगाराची नोकरी कशी सोडतोस?" असें विचारण्यापूर्वीं "तुझा भार आम्ही किती उचलूं?" असें विचारावें.

मार्गशीर्षांत त्याची पुन्हा घसरण झाली. कोणाची तरी अडचण म्हणून एक रात्र, मग दुसरी. चौथ्या रात्रीं सूनबाईचा फोन आला, "काका, कपाट उघडं आहे." आम्हीं उपदेश केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं वहिनी एस. टी. नें पुण्यास गेल्या, सोबत मोड आलेले वाल घेऊन. त्या आठवड्यांत कपाट पुन्हा बंद झालें. आतां त्याची झोप परत आली आहे, आणि नातीला सायकल शिकविण्याचें काम त्यानें आजोबांकडून काढून घेतलें आहे.

एक गोष्ट निक्षून सांगतों. सर्व थकवा सुट्टीनें जातो असें समजूं नये. झोप व भूक आठवडेच्या आठवडे नाहीशी झाली असेल, कशांतच मन लागत नसेल, किंवा जगणें नकोसें वाटूं लागलें असेल, तर तो नुसता कामाचा शीण नसून मनाचा आजार असूं शकतो. तेथें उपदेश, उपास, अंगारे यांत दिवस न घालवितां तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावें. ते देतील तें औषध संकोच न बाळगतां घ्यावें. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करून आपल्या भाषेंत बोलतां येतें. आमच्या मुलाला प्रथम डॉक्टरांनींच सांवरलें, हें आम्ही विसरलेलों नाहीं.

आणि जीं मुलें आज दहावी-बारावीच्या माड्यांवर बसलेलीं आहेत, त्यांच्या आईबापांना व काकांना आमची हात जोडून विनंती आहे कीं, त्यांना अभ्यास शिकवा तशी सुट्टीही शिकवा. आजोळीं पाठवा. संवय मोडत नाहीं. आणि मोडलीच तर ती पुन्हा लागते. माणूस मोडला तर मात्र सांधावयास फार दिवस लागतात.

हा लेख आणखी एकदां वाचून कांहीं ठिकाणीं नीट करावा, असें मनांत होतें. दोन-तीन गोष्टी सांगावयाच्या राहूनही गेल्या आहेत. परंतु आज सप्तमी. उद्यां लेखणी बंद आणि भात आमच्याकडे आहे. तेव्हां जेथवर आला आहे तेथेंच लेख थांबवितों.